तेल, लोणी आणि रक्तवाहिन्या : नव्याने लक्ष घालणाऱ्यांसाठी

चार वर्षांपूर्वी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीचा, पहिला कागद हातात आला आणि त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या फळीची झाडाझडती घेतली. लोणी गेलं, चीज गेलं, त्याच तडाख्यात अक्रोड आणि बदामही गेले, कारण तेव्हा माझ्या लेखी फॅट म्हणजे फॅट. रिकाम्या जागी ‘फॅट-फ्री’ लिहिलेली बिस्किटं, फळांचे गोड रस आणि पांढरा पाव येऊन बसला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात) जरासं उतरलं होतं, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चांगलंच चढलं होतं आणि एचडीएल (‘चांगलं’ म्हणवलं जाणारं कोलेस्टेरॉल) आणखी खाली आलं होतं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “लोणी सोडलंत ते ठीक. त्याच्या जागी काय खाताय?”

मी गप्प. खरं तर हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच स्वतःला विचारायला हवा होता. तुम्ही आता सुरुवात करत असाल तर तो आधीच खिशात ठेवा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर तो लागणार आहे.

पायरी १ : बेसिनचा पाइप डोक्यातून काढून टाका

तेलकट खाल्लं की ते रक्तात उतरतं आणि बेसिनच्या पाइपात चिकट थर बसावा तसं धमनीत बसतं, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. ‘गरम पाणी प्या, चरबी वितळेल’ हे सल्ले त्यातूनच निघतात. धमनी पाइपासारखी निर्जीव नसते. तिची भिंत जिवंत असते आणि बिघाड सुरू होतो तो त्या भिंतीच्या पोटात.

भिंतीच्या सगळ्यात आतल्या बाजूला, रक्ताला लागून, पेशींचा एक थर असतो. एकच पेशी जाड. याला एंडोथेलियम म्हणतात. नुसतं अस्तर म्हणून त्याच्याकडे बरीच वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की हा थर एक पदार्थ सोडतो आणि त्यामुळे धमनी सैलावते. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला. या शोधासाठी १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. थर धडधाकट असेल तर धमनी गरजेप्रमाणे रुंदावते, रक्त उगाच गोठत नाही, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. तो दुखावला की यातलं एकेक काम ढिलं पडत जातं.

आता एलडीएल. कोलेस्टेरॉल आणि फॅट पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून शरीर ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून पाठवतं. एलडीएल हे असंच एक छोटं गाठोडं. रक्तात अशी गाठोडी जितकी जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितकी ती अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकतात. अडकलेल्या गाठोड्यात रासायनिक बदल होतात, शरीराला ते परकं वाटतं, पांढऱ्या पेशी ते गिळायला धावतात. गिळून गिळून त्या फेसाळ दिसू लागतात, म्हणून त्यांचं नावच फोम सेल. या पेशी, त्यांचे अवशेष, कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि वर तंतूंचं झाकण असा जो उंचवटा तयार होतो, तो प्लाक.

प्लाक सुरुवातीला धमनीचं भोक अडवत नाही. भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्ताला वाट मोकळी राहते, त्यामुळे माणसाला कित्येक वर्षं काहीच कळत नाही. मग एखाद्या दिवशी झाकण फाटतं, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, तिथे गुठळी धरते आणि वाट बंद होते. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा असा येतो. नळी हळूहळू तुंबत येऊन शेवटी बंद झाली, असं क्वचितच घडतं.

हे काम किती लवकर सुरू होतं याचा अंदाज १९५३ मध्ये आला. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली. सरासरी वय २२ आणि तरीही ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत या विकाराच्या खुणा होत्या. म्हणून ‘चाळिशी आली की बघू’ हा हिशोब चुकतो.

मग खाल्लेल्या फॅटचा इथे संबंध काय? मुख्य संबंध यकृतातून येतो. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक असतात, म्हणजे रिसेप्टर. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना याच शोधासाठी १९८५ मध्ये नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे लोण्यासारखं थिजणारं फॅट, जास्त खाल्लं की यकृतावरच्या या ग्राहकांचं काम मंदावतं, गाठोडी रक्तात जास्त काळ फिरत राहतात आणि एलडीएलचा आकडा चढतो. म्हणजे लोण्यातली चरबी थेट धमनीत जाऊन बसत नाही. ती यकृताला एलडीएल उचलायला मंद करते. नवख्या माणसाने या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण आहाराचे बरेचसे सल्ले मग आपोआप कळतात.

दुसरा, छोटा संबंध त्याच दिवशी दिसतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात १० निरोगी लोकांना ५० ग्रॅम फॅट असलेलं एकच जेवण दिलं आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाऊंडने मोजलं. पुढचे काही तास ती कमी रुंदावत होती, नंतर पूर्ववत झाली. दहाच माणसं, त्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण अस्तराला जेवणाची चाहूल लागते, एवढं त्यावरून नक्की कळतं.

पायरी २ : चार जाती ओळखा

सॅच्युरेटेड, मोनोअनसॅच्युरेटेड, पॉलिअनसॅच्युरेटेड आणि ट्रान्स. पुस्तकी मराठीत संपृक्त, एकअसंपृक्त, बहुअसंपृक्त वगैरे म्हणतात, पण पाकिटावर इंग्रजी नावंच दिसतात, म्हणून इथेही तीच वापरतो.

फॅटचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत दुहेरी बंध नसेल तर ती सरळसोट असते. सरळ काड्या पेटीत रचाव्यात तशा या साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि पदार्थ गार हवेत थिजतो. हे सॅच्युरेटेड. एखादा दुहेरी बंध असला की साखळीला बाक येतो, वाकड्या काड्या रचता येत नाहीत, पदार्थ पातळ राहतो. एक बंध असेल तर मोनो, जास्त असतील तर पॉलि. फ्रीजमध्ये ठेवलेलं लोणी आणि सूर्यफुलाचं तेल शेजारी ठेवून बघा, सगळं रसायनशास्त्र समोर दिसेल.

एक खुलासा इथेच करतो, कारण यात सगळे फसतात. कुठलंही तेल एकाच जातीचं नसतं. ऑलिव्ह तेलातही सुमारे १४ टक्के सॅच्युरेटेड असतं. आपण ज्या जातीचा वाटा मोठा, तिच्या नावाने तेलाला ओळखतो, इतकंच.

ट्रान्स फॅट. यात वाद नाही. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तेल स्वस्तात घट्ट होऊ लागलं, लवकर खवट होईना, बिस्किटं खुसखुशीत होऊ लागली. पण हायड्रोजन अर्धवट घातला की उरलेल्या काही दुहेरी बंधांचा बाक सरळ होतो. नावाला अनसॅच्युरेटेड, वागायला सॅच्युरेटेडपेक्षाही वाईट. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल कमी करतं. सॅच्युरेटेड फॅट निदान हे दुसरं काम करत नाही. २००३ मध्ये डेन्मार्कने अन्नातल्या एकूण फॅटमध्ये कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स २ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम केला आणि २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते जगभरातून हद्दपार करण्याच्या मागे आहे. दूध आणि मांसात थोडं नैसर्गिक ट्रान्स असतं. त्याच्यासाठी झोप उडवून घेऊ नका. अर्धवट हायड्रोजनेटेड तेल मात्र घरात नको. या एका ठिकाणी ‘कशाऐवजी’ विचारायचीही गरज नाही, कारण त्याच्या जागी काहीही आणलं तरी ते वरचढच ठरेल.

सॅच्युरेटेड. लोणी, तूप, साय, चरबीयुक्त मांस, खोबरेल, पाम तेल. १०० ग्रॅम लोण्यात साधारण ५० ग्रॅम सॅच्युरेटेड असतं. पाम तेलात जवळपास निम्मं. खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे लोण्यापेक्षा कितीतरी जास्त. तेल वनस्पतीचं आहे म्हणून ते आपोआप सौम्य ठरत नाही.

याच्याही पोटजाती आहेत, त्यांना आम्लांच्या नावाने ओळखतात, आणि वादाची गंमत तिथेच आहे. पामिटिक आम्ल एलडीएल वाढवतं. लॉरिक, जे खोबरेलात भरपूर असतं, ते एलडीएल वाढवतं आणि सोबत एचडीएलही. कोकोच्या चरबीत बऱ्यापैकी असलेलं स्टिअरिक एलडीएलला फारसं हलवत नाही. खोबरेलाचे समर्थक एचडीएल वाढल्याचा दाखला देतात. मला तो पटत नाही. २००६ मध्ये टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरघोस वाढवून दाखवलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि चाचणी मधेच थांबवावी लागली. एचडीएलचा आकडा वर नेला म्हणजे धमनी वाचली, हे समीकरण तेव्हापासून डळमळीतच आहे. एलडीएल वाढणं मात्र धमनीला महागात पडतं, हे औषधं, आनुवंशिकता आणि आहार या तिन्ही बाजूंच्या पुराव्यांवरून दिसतं.

फॅट कुठल्या अन्नातून येतं यानेही फरक पडतो. सॅच्युरेटेड तितकंच असूनही चीज खाल्ल्यावर एलडीएल लोण्याइतकं वाढत नाही, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे चीज औषध झालं असं नाही. पण पावाला काही लावायचंच असेल, तर लोण्यापेक्षा चीजची चकती बरी.

मोनो. ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरीच्या कुळातलं कॅनोला, बदाम, अॅव्होकॅडो. एलडीएल खाली आणतं, घरात वापरायला सोपं, तापवलं तरी बऱ्यापैकी टिकतं. स्पेनमधल्या प्रेडिमेड या मोठ्या चाचणीत सुमारे ७,४०० लोक होते. ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा भरपूर असलेला भूमध्य पद्धतीचा आहार घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून साधारण ३० टक्के कमी झाले. २०१३ चा मूळ निबंध गटवाटणीतल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून छापावा लागला. आकडे जवळपास तेच राहिले, पण हे न सांगता प्रेडिमेडचं नाव घेणं मला बरं वाटत नाही.

पॉलि. यात दोन घराणी. ओमेगा-६ सूर्यफूल, सोयाबीन, मका, तीळ यांच्या तेलात. ‘ओमेगा-६ मुळे शरीरात दाह वाढतो’ असं तुम्ही ऐकलं असेल. कागदावर तशी रासायनिक वाट दिसते खरी. पण माणसांना प्रत्यक्ष जास्त लिनोलिक आम्ल (तेलातलं मुख्य ओमेगा-६) देऊन रक्तातल्या दाहाच्या खुणा मोजल्या, तर त्या वाढलेल्या दिसत नाहीत, आणि एलडीएल मात्र चांगलं उतरतं. यकृतावरच्या ग्राहकांना पुन्हा कामाला लावणारं फॅट हेच.

ओमेगा-३ जवस, अक्रोड आणि तेलकट मासे यांतून मिळतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे वनस्पतींतलं ओमेगा-३ असतं. शरीर त्यातून ईपीए आणि डीएचए हे माशांतले प्रकार बनवतं, पण अगदी थोडे. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा खा आणि विषय संपवा. ओमेगा-३ च्या कॅप्सूलचं प्रकरण निराळं आहे. मोठ्या डोसने ट्रायग्लिसराइड नक्की उतरतं, पण झटके टळतात का यावर चाचण्या एकमेकींशी भांडतात, आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका काहींमध्ये वाढलेला दिसला आहे. मनाने सुरू करायची गोष्ट ती नव्हे.

पायरी ३ : कमी करू नका, बदला

इथे डॉक्टरांचा प्रश्न परत येतो. माणूस एक गोष्ट खायची सोडतो तेव्हा ती भूक दुसरीकडे जाते. धमनीवर काय परिणाम होईल हे बरंचसं त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

सॅच्युरेटेडच्या जागी पॉलि आलं तर फायदा सगळ्यात मोठा. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जुन्या नियंत्रित चाचण्या तपासून सांगितलं की अशा बदलाने हृदयविकार साधारण ३० टक्के कमी होतात. मोनो आलं तरी एलडीएल उतरतं. अख्खी धान्यं, डाळी, कडधान्यं आली तरी चांगलंच, शिवाय त्यातला विरघळणारा तंतू (फायबर) स्वतःचं काम करतो. पण साखर, मैदा आणि गोड पेयं आली तर? एलडीएल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल पडतं आणि हृदयविकाराचा धोका जिथल्या तिथे राहतो. माझ्या दुसऱ्या रिपोर्टात नेमकं हेच छापून आलं होतं.

दर दोन वर्षांनी ‘लोणी निर्दोष सुटलं’ अशी बातमी येते, तिचं मूळही इथेच आहे. काही निरीक्षणांत सॅच्युरेटेड जास्त खाणारे आणि कमी खाणारे यांच्यात फरक दिसत नाही, कारण कमी खाणाऱ्यांनी त्याऐवजी काय खाल्लं हे वेगळं काढलेलंच नसतं. काहींनी तेल-सुका मेवा खाल्लेला असतो, काहींनी गोड बिस्किटं. दोघांची सरासरी काढली की शून्य. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात किमान दोन वर्षं चाललेल्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा सॅच्युरेटेड कमी केल्याने हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्के घटलेल्या दिसल्या.

करायचं काय ते एकेक करून करा. पहिल्या आठवड्यात फक्त तेल बदला. लोण्यात किंवा खोबरेलात जे परतत होता, ते आता पातळ, मोनो किंवा पॉलि तेलात. दुसऱ्या आठवड्यात मधल्या वेळचं खाणं: बिस्किटाच्या जागी मूठभर, साधारण ३० ग्रॅम, बिनमिठाचे अक्रोड किंवा बदाम. तिसऱ्या आठवड्यात चरबीच्या मांसाचे एक-दोन दिवस मासे, डाळ किंवा सोयाबीनला द्या. सगळं एकाच सोमवारी बदलणारी माणसं पुढच्या सोमवारी जुन्या वाटेला लागलेली मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच.

बदला म्हणजे वर ओता असं नव्हे. कुठलंही फॅट ग्रॅममागे ९ कॅलरी देतं, ऑलिव्ह तेलही. आधीचं लोणी तसंच ठेवून वरून दोन चमचे ‘चांगलं तेल’ घेणाऱ्याचं फक्त वजन वाढतं.

पायरी ४ : आकडा स्वतःसाठी काढा

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी: सॅच्युरेटेड फॅट एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, ट्रान्स १ टक्क्यापेक्षा जास्त नको. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी सॅच्युरेटेडचे २०० कॅलरी, भागिले ९, म्हणजे साधारण २२ ग्रॅम. एलडीएल आधीच वाढलेलं असेल तर डॉक्टर याहून खाली जायला सांगतात, ६ टक्के म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात (१४ ग्रॅम) ११ ग्रॅमच्या वर सॅच्युरेटेड असतं. बजेट केवढं लहान आहे ते यावरून कळेल.

पायरी ५ : पाकीट उलटं करा

पुढची बाजू विकण्यासाठी असते. मागची वाचा. समजा हातात क्रीमच्या बिस्किटांचा १२० ग्रॅमचा पुडा आहे. तक्त्यात लिहिलंय, १०० ग्रॅममध्ये सॅच्युरेटेड ११ ग्रॅम. शेजारच्या रकान्यात ‘एक सर्व्हिंग, २० ग्रॅम’ आणि समोर फक्त २.२. डोळा आपोआप २.२ वर जातो. पण चहाबरोबर दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अर्धा पुडा म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे ६.६ ग्रॅम सॅच्युरेटेड. २२ च्या बजेटातला बरोबर ३० टक्के वाटा, तोही मधल्या वेळेला.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पाम तेल दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असेल तर चित्र स्पष्ट आहे. ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ हे शब्द दिसले की पुडा परत ठेवा, तक्त्यात ट्रान्स शून्य असलं तरी. काही देशांत एका सर्व्हिंगमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स असलं तर शून्य छापायची मुभा असते, आणि सर्व्हिंग लहान केली की शून्य येतंच. ‘पूर्ण हायड्रोजनेटेड’ असेल तर ट्रान्स जवळपास नसतं, पण ते सॅच्युरेटेडमध्ये मोजा.

आणि तेलाच्या बाटलीवरचं ‘कोलेस्टेरॉल-फ्री’. कोलेस्टेरॉल प्राण्यांमध्ये असतं. वनस्पती तेलात ते नगण्य असतं आणि पूर्वीही नगण्यच होतं. ‘या पाण्यात हाडं नाहीत’ असं लिहिण्यातला प्रकार.

पायरी ६ : बाटलीवर तारीख टाका

हा माझा आवडता उपाय, कारण यात काही आठवावं लागत नाही. नवी बाटली उघडली की मार्करने तारीख लिहा. संपली की दुसरी तारीख. एक लिटर तेल साधारण ९२० ग्रॅम. चार माणसांच्या घरात ते दहा दिवसांत संपलं तर माणशी रोज २३ ग्रॅम, म्हणजे फक्त स्वयंपाकाच्या तेलातून २०० हून थोड्या जास्त कॅलरी. ‘आमच्याकडे तेल फार लागत नाही’ असं प्रत्येक घर सांगतं. माझ्या घरच्या दोन तारखांनी मला खोटं पाडलं.

बाटलीतून थेट ओतणं थांबवा, चमच्याने घ्या. बाटली शेगडीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. पॉलि तेलाचे दुहेरी बंध उष्णता, उजेड आणि हवेने लवकर बिघडतात. जवसाचं तेल तापवू नका, वरून घ्या. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात ऑक्सिडीकरण होऊन तयार झालेले पदार्थ साठत जातात. तेल काळपट, चिकट झालं, तापताना फेस धरू लागलं किंवा आधीपेक्षा लवकर धूर सोडू लागलं, तर ते संपलं असं समजा. त्यात नवं तेल मिसळून ते वाचत नाही.

अंड्याचं काय, हा प्रश्न येतोच. एका बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, पण सॅच्युरेटेड फॅट दीडेक ग्रॅमच. बहुतेकांच्या रक्तातलं एलडीएल खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटने जास्त हलतं, म्हणून २०१५ च्या अमेरिकन आहार मार्गदर्शक तत्त्वांनी रोजच्या ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली. मधुमेह असेल किंवा एलडीएल आधीच चढलेलं असेल तर बलकाची संख्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाकीच्यांनी अंडं कशात तळलं जातंय ते आधी बघावं.

पायरी ७ : पुन्हा रक्त द्या आणि कागद नीट वाचा

आहार बदलल्यावर एलडीएल काही आठवड्यांतच हलतं. ६ ते १२ आठवड्यांनी तपासणी करा. त्याआधीची घाई वाया जाते, आणि वर्षभर थांबलं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. ताप येऊन गेला असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल तर काही दिवस थांबा, आकडे फसवतात. शक्यतो आधीच्याच प्रयोगशाळेत, तशाच उपाशीपोटी.

नजर आधी एलडीएलवर जाऊ द्या. मोठा धोका नसलेल्या माणसात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असणं चांगलं. झटका येऊन गेलेल्यांसाठी लक्ष्य ७० च्या खाली किंवा त्याहूनही कमी ठरतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा: हा नॉन-एचडीएलचा आकडा, म्हणजे धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्याच गाठोड्यांतलं कोलेस्टेरॉल. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. ते वाढलं असेल तर तेलाआधी साखर, मैदा आणि दारूकडे बघा. बहुतेक ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडेवाल्ड सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा थेट मोजणी मागा. कागदावर मिलिग्रॅमऐवजी मिलिमोल असतील तर कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणा.

फरक किती पडेल हे माणसागणिक बदलतं. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांत एकाचं एलडीएल भराभर उतरतं, दुसऱ्याचं जेमतेम. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारं औषध, दिलं असेल तर ‘आता तेल बदललंय’ म्हणून गोळी मनाने बंद करू नका. स्टॅटिनच्या चाचण्यांत एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना पाचवा हिस्सा किंवा थोड्या जास्त कमी झाल्या. नुसत्या जेवणाने तेवढी घट सगळ्यांना जमत नाही.

आणि सगळं नेटाने करूनही एलडीएल १९० च्या वरच राहिलं, किंवा घरात कुणाला कमी वयात झटका आलेला असेल, तर स्वयंपाकघरात आणखी दोष शोधू नका. यकृतावरचे ते ग्राहकच जन्मतः कमी किंवा सदोष असण्याचा आनुवंशिक प्रकार साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला असतो. तो निघाला तर औषध लागतंच, आणि सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासून घ्यावं लागतं.